दिवा तर लागत होता

…नाही, बाकी सगळं राहू द्या, मला फक्त एवढं सांगा, एखाद्या डबीवर दिवा लागलाय, हिरवा, ठसठशीत, तर ती डबी चालू आहे असं माणूस धरून चालणार की नाही? इस्त्रीचा दिवा लागला की आपण इस्त्रीला गाल लावून बघतो का? नाही ना? मग माझं काय चुकलं? आणि चुकलं तर माझ्या एकट्याचंच कसं चुकलं? घरात दोन म्हातारे, दोघांचं मिळून सव्वाशे वर्षांचं शहाणपण, दोघंही त्या डबीवर माझ्याबरोबर ओणवे होऊन बसलेले, दोघांनाही दिसत होतं. दिवा तर लागत होता.

थांबा, हे मधूनच झालं. पहिल्यापासून सांगतो.

मोटारसायकल माझी. म्हणजे माझी होती. मी इंजिनिअरिंगला लागलो तेव्हा बाबांनी घेऊन दिली, आणि दोन वर्षांनी मी कॉलेज सोडलं तेव्हा ते एक शब्द बोलले नाहीत, टेबलावरची किल्ली उचलली आणि स्वतःच्या खिशात टाकली. “कॉलेजसाठी घेतली होती,” म्हणाले, “कॉलेज संपलं.” तेव्हापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा गाडी त्यांची, आणि सहानंतर माझी, टाकीत काही उरलं असेल तर. बाबा एका छापखान्यात स्टोअरकीपर आहेत. कागदाचं एक रीम द्यायचं तर तीन सह्या घेतात, आणि जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे एकच औषध असतं, थोडं कमी करा. मीठ कमी करा, पंखा कमी करा, आवाज कमी करा. मलाही त्यांनी बरंच कमी करत आणलं होतं.

वरच्या मजल्यावर मोठे काका. बाबांचे थोरले भाऊ. नळ, तोट्या, शॉवर आणि कमोड यांचं दुकान. त्यांचं औषध नेमकं उलटं. काकांच्या मते जगात प्रत्येक गोष्टीचं प्रेशर कमी पडतंय. नळाचं तर पडतंच, पण सरकारचं, मास्तरांचं, आईबापांचं, सगळ्यांचं प्रेशर कमी पडतंय, म्हणून आमच्यासारखी पोरं निपजतात. हे ते माझ्या तोंडावर सांगतात, पोहे खाताखाता नाही, निवांत, खुर्ची ओढून घेऊन, त्यासाठी वेळ काढून.

तर मी कॉलेजात असतानाच गाडीचा सायलेन्सर बदलला होता. आवाज दणकेबाज झाला, पण गाडी खोकायला लागली. का, तर नवा सायलेन्सर मोकळा, इंजिन हवा जास्त ओढतं, पेट्रोल मात्र पूर्वीएवढंच मिळतं. उपाशी इंजिन. अर्ध्या उतारावर हात सैल सोडला की ठो, ठो, ठो, बाजूचा सायकलवाला दचकून फुटपाथवर. याच्यावर उपाय काय, तर ट्यूनर. काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी. गाडीच्या आत एक छोटा कॉम्प्युटर असतो, तो इंजेक्टरला हुकूम देतो, एवढं पेट्रोल सोड. ही डबी त्या दोघांच्या मध्ये बसते, दलालासारखी. साहेब म्हणाला एक चमचा, की दलाल शिपायाला सांगतो, सव्वा चमचा सांगितलाय. संपलं. एवढंच शास्त्र. हे शिकायला कॉलेज लागत नाही, आणि कॉलेजात हे शिकवतही नाहीत.

आता ही डबी मला शौक म्हणून बसवायची नव्हती हो. मोठ्या रस्त्याला एक वर्कशॉप आहे, तिथल्या बाई गाडी रोलरवर चढवून, जागच्या जागी पळवून, मागच्या नळीत सेन्सर खुपसून ट्यूनिंग करतात. सगळे त्यांना रोलरबाई म्हणतात. त्यांना हाताखाली माणूस हवा होता. मी गेलो. मार्कशीट काढायला लागलो तर म्हणाल्या, “ते ठेव. तुझी स्वतःची गाडी आहे? ट्यूनर स्वतः बसव, आठवडाभर स्वतः सेट कर, आणि रोज काय बदललं, का बदललं, काय फरक पडला, ते लिहून आण. शनिवारी अकरा वाजता गाडी आण आणि कागद आण.” दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे कागद मागितला होता, जो मी देऊ शकत होतो. आणि नाही जमलं तर? नाही जमलं तर काय होणार ते घरात ठरलेलंच होतं. एक तारखेपासून काकांचं दुकान. काकांनी माझ्यासाठी स्टूलसुद्धा बघून ठेवलं होतं, दारापाशी, कमोडच्या रांगेच्या टोकाला. मी नुसता डोळ्यांपुढे आणायचो, की आपण इथून म्हातारे होईपर्यंत उठत नाही, आणि सरळ उठून गाडीपाशी जायचो.

म्हणून रविवारी सकाळी अंगणात गाडी उभी केली, सीट काढलं, टाकीचे बोल्ट सोडले, टाकी उचलून खाली लाकडाचा ठोकळा सरकवला आणि आत हात घालणार तेवढ्यात मागून आवाज, “बॅटरी धरू का?”

बाबा. आता बापाने बॅटरी धरणं म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. उजेड सगळीकडे असतो, तुमच्या हातापाशी सोडून. मी म्हणतो, “बाबा, इकडे.” ते म्हणतात, “इकडेच आहे.” उजेड माझ्या कानावर. मग जरा वेळाने त्यांना नंबरप्लेटवर चिखल दिसतो, उजेड तिकडे. मग म्हणतात, “हा बोल्ट कशाचा उरलाय?” उजेड बोल्टवर. आणि काका वरून उतरले चष्मा पुसत, डबीबरोबर आलेला माहितीचा कागद माझ्या मांडीवरून उचलला आणि मोठ्याने वाचायला लागले, सहाव्या मुद्द्यापासून. “काका, पहिल्यापासून वाचा.” “पहिले पाच सगळे सावधगिरीचे असतात रे, आमच्या गिझरच्या कागदातही असेच असतात, कोणी वाचत नाही.”

तुम्हाला सांगतो, त्या पाचातल्या चौथ्यात सगळं होतं.

तर आत चार टोकं होती. गाडीच्या वायरचा जोड उघडला की गाडीची दोन टोकं सुटी होतात, आणि डबीची स्वतःची दोन. चारही काळी, चारही सारखी. गाडीचं एक टोक डबीच्या एकात, गाडीचं दुसरं डबीच्या दुसऱ्यात, डबी मध्ये. मला माहीत होतं. शपथ, मला हे झोपेत माहीत होतं. पण माझा हात टाकीखाली कोपरापर्यंत, दिसत काही नाही, उजेड शेजारच्यांच्या मांजरावर, आणि काका डोक्याशी बसून सांगतायत, “ज्यात जे बसतं त्यात ते बसवायचं, फार डोकं चालवायचं नाही, खट् वाजलं की बसलं. तीस वर्षं मी हेच करतोय. ओढून बघायचं नाही, ओढून बघितलं की जोड सैल होतो.” आणि मग, “दुकानातही हेच काम आहे बरं का, तुला सोपं जाईल.” ते वाक्य ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली, मी दात ओठ खाऊन अंदाजाने दाबलं, खट्. दुसरं दाबलं, खट्. डबीची लाल वायर गाडीच्या बॅटरीच्या लालला, काळी काळ्याला. किल्ली फिरवली.

दिवा लागला. बाबा म्हणाले, “लागला.” काका म्हणाले, “बघ.” मी पण म्हणालो, लागला. तीन माणसं हिरव्या दिव्याकडे अशी बघत उभी, जणू घरात बाळ झालंय.

आणि मग माझ्या हातून दुसरी चूक झाली. आनंदाच्या भरात मी त्यांना डबी समजावून सांगितली. तीन बटणं. पहिल्याने दिव्याचा रंग बदलतो, हिरवा म्हणजे सावकाश चालताना, पिवळा म्हणजे वेग घेताना, लाल म्हणजे पूर्ण पिळल्यावर. बाकीची दोन, अधिक आणि उणे. आठ ठिपक्यांची एक रांग, जितके ठिपके पेटतील तेवढं पेट्रोल जास्त. काय गरज होती? पण बाबा दोन वर्षांत पहिल्यांदा माझं बोलणं पूर्ण ऐकत होते, मान हलवत होते, मी वाहवत गेलो.

सोमवारी हिरवा चारवर ठेवला. वहीत लिहिलं, “हिरवा ४, खोकला कमी, संथ चाल सुधारली.” खरंच सुधारली होती हो, मला हँडलमध्ये जाणवलं. मंगळवारी संध्याकाळी गाडी हातात आली, बघतो तर हिरवा दोनवर. मी म्हटलं मीच चुकलो असेन. चार केला. बुधवारी पुन्हा दोन, आणि पिवळा, ज्याला मी हात लावला नव्हता, तो सहावर. आता मला सांगा, माणूस काय समजेल? मी म्हटलं, डबीची स्मरणशक्ती गेली. मग म्हटलं, खड्ड्यांनी बटणं दाबली जात असतील. मग म्हटलं, उन्हाने. मग गुरुवारी पहाटे अंथरुणात डोळे उघडे ठेवून विचार करत होतो की कदाचित डबीच स्वतःहून शिकतेय, गाडी समजून घेतेय, आणि मी अडाण्यासारखा तिला मागे ओढतोय. इथपर्यंत गेलो होतो मी. कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडे एक अत्यंत सौम्य गृहस्थ.

“सर, दिवा लागतो का?”

“लागतो, पण आकडे आपोआप बदलतायत.”

“दिवा कोणता लागतो सर?”

“हिरवा.”

“मग उत्तम आहे सर.”

“अहो पण आकडे.”

“दिवा लागत नसेल तर पुन्हा फोन करा सर.”

म्हणजे कंपनीचंही तेच. दिवा तर लागत होता.

घरात मात्र वेगळंच वारं. बाबा जेवताना आपणहून म्हणाले, “गाडी आता बरी पळते. पूर्वी एका लिटरला त्रेचाळीस किलोमीटर पडायचे, आता सत्तेचाळीस.” काका म्हणाले, “सकाळी चक्कर मारली मी, दुकानाचा चढ चौथ्या गिअरला चढली. प्रेशर आहे आता.” मी वहीत दोन्ही लिहून घेतलं. एकाच डबीने पेट्रोलही वाचतंय आणि ताकदही वाढतेय, हे एकदम कसं होईल, हा प्रश्न मला पडला, पण इतके दिवस घरात मला कोणी नालायक म्हटलं नव्हतं, म्हणून मी तो वहीत लिहिला नाही. आई तेवढी एकटी, पोळी वाढताना म्हणाली, “मी काल मागे बसले होते, मला काही फरक वाटला नाही. होती तशीच आहे.” तिघंही हसलो. बाबा म्हणाले, “तुला त्यातलं काय कळतं?” मीही म्हणालो, “आई, हे सूक्ष्म असतं.” हो, मी म्हणालो. लपवत नाही.

शनिवार. अकराला पाच कमी. मी एकटा जाणार होतो, पण बाबा म्हणाले, “गाडी माझ्या नावावर आहे,” म्हणून ते पुढे बसले, मी मागे, आणि काका स्वतःच्या स्कूटरवर मागोमाग, का, तर “बघू तरी.” रोलरबाई बाहेर आल्या, बोटांना काजळी, तिघांकडे बघितलं आणि विचारलं, “अर्ज कोणाचा आहे?”

मी वही दिली. त्या डबीशी वाकल्या, बटण दाबलं.

“वहीत हिरवा चार लिहिलाय. इथे एक आहे.”

मी म्हटलं, “तो आपोआप बदलतो. मला वाटतं डबीत दोष आहे.”

बाबांनी घसा खाकरला. तो घसा मी ओळखतो, रीम कमी भरलं की तो खाकरतात. “मी थोडा कमी केला होता,” म्हणाले. “रोज सकाळी. कधी एक, कधी दोन. चार म्हणजे उधळपट्टी होते.”

 बाईंनी बटण दाबलं. “पिवळा आठ?”

“आठ झाला का? मी रोज एकेक वाढवत होतो,” काका म्हणाले. “तो माझा हात आहे. यांची गाडी चढावर मरत होती हो. मूळचा दोनच होता, दोनने काय होतंय?”

“दादा, म्हणजे तूच का,” बाबा म्हणाले, “तरी मला वाटलंच, बुधवारी गाडी एकदम हिसके का देतेय.”

“हिसके नाहीत रे, त्याला पिकअप म्हणतात.”

“सत्तेचाळीस पडत होते, ते माझ्या एकवर पडत होते. तुझ्या आठने नाही.”

“आणि चढ काय तुझ्या एकने चढली?”

दोघं पांढऱ्या केसांचे सख्खे भाऊ, परक्या वर्कशॉपमध्ये, माझ्या आयुष्यातल्या एकुलत्या एका मुलाखतीत, ठिपक्यांवरून भांडतायत. आठवडाभर मी वेडा झालोय की डबी, या विचाराने माझी झोप उडाली होती, आणि हे दोघं रोज सकाळी आळीपाळीने येऊन बटणं दाबून जात होते, चोरासारखे, आणि जेवताना मला निरीक्षणं सांगत होते. मी म्हटलं, “एकदा विचारायचं तरी मला.” तर बाबा काय म्हणतात? “तुला विचारून कॉलेज सोडलं नव्हतंस तू.” म्हणजे काय? मला अजून त्या वाक्याचा अर्थ लागलेला नाही. त्यांनाही लागला नसावा, कारण ते वळून भिंतीवर टांगलेले पाने-स्क्रूड्रायव्हर मोजायला लागले.

तोवर बाईंनी टाकी उचलली होती. आत हात घातला आणि दोन वायरी बाहेर ओढल्या.

“हे काय आहे?”

मी बघितलं. गाडीचं एक टोक गाडीच्याच दुसऱ्या टोकात. गच्च. कारखान्यातून आली होती तशी. आणि डबीचं एक टोक डबीच्याच दुसऱ्या टोकात. तेही गच्च. खट् वाजल्यासारखं. डबी स्वतःचाच हात हातात घेऊन सहा दिवस बसली होती. इंजेक्टरला तिचा पत्ता नव्हता, तिला इंजेक्टरचा. बॅटरीशी तेवढी जोडलेली, म्हणून ठिपके वाढत होते, रंग बदलत होते. कागदातला न वाचलेला चौथा मुद्दा नेमका हाच होता, दिवा लागला तरी टोकं तपासा.

काकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, वाकून बघितलं. मग म्हणाले, अगदी हळू, “पण दिवा तर लागत होता.”

सत्तेचाळीस कुठून पडले? चढ कशी चढली? मला हँडलमध्ये काय जाणवलं? मी विचार करतोय, अजून करतोय. खोटं कोणी बोलत नव्हतं हो, बाबांनी खरंच मोजलं होतं. मी लिहिलेलं प्रत्येक वाक्य मला लिहिताना खरं वाटलं होतं. त्या दोघांना मी आयुष्यभर म्हणत आलो की तुम्हाला काही कळत नसताना तुम्ही ठासून बोलता, आणि बाईंच्या हातात माझी वही होती, चौदा पानं, सुवाच्य अक्षर, तारीखवार, ठासून.

बाईंनी ती सगळी वाचली. आमच्यासमोर, उभ्याउभ्या. मग चार टोकं नीट जोडली, गाडी सुरू केली. आमच्या तिघांच्या अक्कलहुशारीने भरलेली डबी आता पहिल्यांदा खरी चालू झाली होती. गाडीने काळा धूर सोडला, दोनदा थरथरली आणि बंद पडली. त्यांनी तिला रोलरवर घेतलं, पाऊण तास खपल्या, एकदाही हँडलला हात लावून डोळे मिटले नाहीत, फक्त पडद्यावरचे आकडे बघत होत्या. गाडी उतरली तेव्हा शिलाईच्या मशीनसारखी चालत होती. खोकला नाही, ठो नाही.

मला म्हणाल्या, “सोमवारी ये. सहा महिने एकाही बटणाला हात लावायचा नाही. कोणीही ट्यूनर बसवला, अगदी मी बसवला, तरी मागून जाऊन चारी टोकं ओढून बघायची. तेवढंच काम.” मी होय म्हटलं. काकांचा चेहरा पडला, स्टूल वाया गेलं.

तुम्ही म्हणाल, मग रडतोस कशाला, मिळालं की काम. ऐका ना पुढे.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवसापासून बाबांची कुरकुर. “बिघडवली तुझ्या बाईने. जीव नाही राहिला गाडीत.” काकांनी चक्कर मारली, उतरले, मान हलवली. “सपाट झाली रे. आधी कशी बोलायची.” मी मशीनवरच्या आकड्यांचा कागद दाखवला, बाबांनी तो उलटसुलट करून बघितला, कारण त्यावर सही नव्हती. आई मागे बसून बाजारात जाऊन आली आणि म्हणाली, “आता छान आहे, कंबरेला हिसका बसत नाही.” तिच्याकडे परत कोणी लक्ष दिलं नाही. आणि बुधवारी जिन्याखाली बाबा शेजारच्या मास्तरांना सांगत होते, मी वरून ऐकलं. “त्या बाईला काय येतंय? आमच्या पोराने आधी केली होती ना सेट, ती खरी. स्वतःच्या हातांनी केली होती त्याने. हात आहे त्याला.”

दोन वर्षांत, तुम्हाला सांगतो, दोन वर्षांत त्या माणसाने माझ्याबद्दल कोणाला एक बरा शब्द सांगितला नव्हता. आणि सांगितला तो कशाबद्दल? ज्या कामात मी काहीच केलं नव्हतं त्याबद्दल. मी जिन्यात उभा, हसावं की खाली उतरून भांडावं, काही सुचेना.

गुरुवारी सकाळी सहाला उठलो, टाकी उचलली, जोड सोडले. गाडीचं टोक गाडीला, डबीचं डबीला. खट्, खट्. संध्याकाळी बाबा ठो ठो करत फाटकातून आत आले, किल्ली टेबलावर ठेवली, खिशात टाकली नाही, टेबलावर ठेवली, आणि म्हणाले, “आता जमली बघ.”

इंजिन उपाशी आहे, मला माहीत आहे. फार दिवस असं चालवू नये तेही माहीत आहे. पण काय करणार? दिवसभर मी वर्कशॉपमध्ये लोकांच्या गाड्यांखाली हात घालून टोकं ओढून बघतो, नीट जोडलीयत ना म्हणून. घरची एकच गाडी आहे, तिची बघायला मला अजून सवड झालेली नाही.